नेपाळमध्ये सामुदायिक प्रकल्पावर जाताना: नवख्या विद्यार्थी-संशोधकांसाठी

परदेशात गावपातळीवर काम करायचं म्हटलं की आपल्याकडच्या समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, ग्रामविकास आणि पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांना नेपाळ लगेच आठवतो. व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी, हिंदी बऱ्याच जणांना समजते, खर्च झेपण्यासारखा. नेमकी इथेच गफलत होते. केनियाला निघालेला विद्यार्थी सहा महिने आधीपासून परवानग्यांच्या मागे लागतो. नेपाळला निघालेला मात्र गोरखपूरचं तिकीट काढतो आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघू म्हणतो. नेपाळ आपला शेजारी आहे, पण तो वेगळा देश आहे. त्याचे कायदे, पंचांग, भाषा आणि भारताबद्दलच्या आठवणी त्याच्या स्वतःच्या आहेत. हे मनाशी पक्कं धरून तयारी केली, तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

आधी सोबती शोधा, विषय नंतर

बहुतेक जण आधी विषय ठरवतात, प्रस्ताव लिहितात, मार्गदर्शकांची सही घेतात आणि मग तिथे मदत करणारं कोणी मिळतंय का ते पाहतात. हा क्रम उलटा करा. त्रिभुवन विद्यापीठाचा एखादा विभाग, एखादं नेपाळी महाविद्यालय किंवा त्या जिल्ह्यात बरीच वर्षं काम करणारी स्थानिक संस्था, यांच्यापैकी कोणाशी तरी आधी बोला. तुमच्या मनातला प्रश्न त्यांना सांगा आणि या भागात हा प्रश्न कोणाला पडलाय का, ते विचारा. पुष्कळदा उत्तर येतं की यावर तीन सर्वेक्षणं झालीत, पण पाण्याच्या स्रोतांचं कोणीच पाहिलेलं नाही. अशा उत्तरानं विषय बदलत असेल तर खुशाल बदलू द्या.

यामागे कारण आहे. 25 एप्रिल 2015च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे 9,000 माणसं गेली. त्यानंतर सिंधुपाल्चोक, गोरखासारख्या जिल्ह्यांत मदतीबरोबर प्रश्नावल्यांचाही पूर आला. रस्त्यालगतच्या गावांनी तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा दिली आणि बहुतेकांना तिचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. म्हणून गाव निवडण्याआधी जे उपलब्ध आहे ते वाचा: 2021ची जनगणना, 2022चं लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षण, आणि बहुतेक पालिकांनी स्वतः तयार केलेली पालिकेची माहिती. ही शेवटची कागदपत्रं नेपाळीत असतात. देवनागरी वाचता येत असल्यानं आपण ती युरोपातल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उलगडू शकतो. हा फायदा घ्या.

सोबत्याबरोबर पहिल्याच महिन्यात चार गोष्टी लेखी ठरवा: पैसे कोण कशावर खर्च करणार, माहिती कोणाकडे राहणार, लेख छापून आला तर त्यावर कोणाकोणाची नावं असणार, आणि गावाला काय परत मिळणार. नेपाळी सहकाऱ्याचं नाव फक्त आभारात टाकून मोकळं होणं ही आपल्या क्षेत्रातली जुनी आणि वाईट सवय आहे.

परवानग्या: कोणाकडून आणि कधी

आरोग्याशी संबंधित काहीही असेल, मग ते पोषण असो, मासिक पाळी असो, मानसिक आरोग्य असो की शौचालयांचा वापर, तर नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेची नैतिक मंजुरी लागते. आपल्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी हा तिला पर्याय होत नाही, दोन्ही हव्यात. बाहेरच्या संशोधकाला नेपाळी सहसंशोधक लागतो, म्हणून सोबती आधी शोधायला सांगितलं. संमतीपत्रं आणि प्रश्नावली नेपाळीतही जोडावी लागतात. अर्जात शंका निघतात, उत्तरं द्यावी लागतात, समितीची बैठक पुढे जाते. किमान तीन महिने हाताशी ठेवा. रक्त, लाळ, पाणी असे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर त्याची स्वतंत्र परवानगी असते. शक्य असेल तर तपासणी नेपाळमधल्याच प्रयोगशाळेत करून घ्या.

चितवन किंवा बर्दियासारख्या राष्ट्रीय उद्यानात काम असेल तर राष्ट्रीय उद्यान आणि वन्यजीव संरक्षण विभागाकडे जावं लागतं. ड्रोन उडवायचा विचार असेल तर त्याची परवानगी वेगळी. अगदीच गरज नसेल तर ड्रोन घरीच ठेवा.

यानंतरचा टप्पा स्थानिक सरकारचा, आणि इथे जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. 2015च्या संविधानानं नेपाळ संघराज्य झाला: 7 प्रांत, 77 जिल्हे आणि 753 स्थानिक सरकारं. 2017मध्ये जवळजवळ वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या आणि प्राथमिक आरोग्य, शालेय शिक्षण, पिण्याचं पाणी अशी बरीच कामं पालिकांकडे आली. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचं पत्र घेऊन थेट गावात जाणं पुरत नाही. नगरपालिका किंवा गाउँपालिका (ग्रामीण भागातली पालिका) आणि तिच्या खालचं वडा कार्यालय (वडा म्हणजे प्रभाग), या दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन प्रकल्प समजावून सांगा आणि पत्र घ्या.

वडा समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांत दोन जागा महिलांच्या, आणि त्यांपैकी एक दलित महिलेची. सगळे जण अध्यक्षांना भेटून परत येतात. तुम्ही या दलित महिला सदस्यांनाही भेटा. वडा कार्यालय सहसा मोटार पोचते अशा जागी असतं आणि तुम्हाला फिरवून आणणारा माणूस तिथल्याच आसपासची घरं दाखवतो. ओढ्यापलीकडची किंवा डोंगराच्या अंगाची वस्ती यादीत आहे की नाही, हे त्या बाईंना विचारलं की लगेच कळतं. नमुना निवडताना हा एक तास खर्च केला नाही, तर पुढे कितीही किचकट आकडेमोड केली तरी ती वस्ती अहवालात येत नाही.

कधी जायचं

आपल्या सुट्ट्या पाहून तारखा ठरवू नका, तिथली शेती आणि सण पाहा. असारात, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, भाताची लावणी असते. त्या दिवसांत बाईमाणसाला बसवून प्रश्न विचारणं हा तिच्यावर अन्याय आहे. पावसाळ्यात डोंगरी रस्ते दरडींनी बंद पडतात, आणि पाऊस संपला असं धरून चालू नये: सप्टेंबर 2024च्या शेवटच्या आठवड्यातल्या पावसात पूर आणि दरडींनी 200हून अधिक माणसं गेली आणि काठमांडूला येणारे रस्ते तुटले. त्यानंतर दसैं (तिथला दसरा) आणि तिहार (दिवाळी). दसैंच्या दिवसांत कार्यालयं रिकामी आणि घरं पाहुण्यांनी भरलेली. मंसिरात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, भातकापणी. माझ्या मते डोंगराळ भागासाठी जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्याची सुट्टी सोडून दुसरा पर्यायच नसेल तर लावणीच्या आत परता.

आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सकाळचं मुख्य जेवण नऊ-दहाच्या सुमाराला होतं, म्हणून साडेनऊला कोणाच्या दारात उभं राहू नका. जेवण आवरल्यावर, चारा आणायला बाहेर पडण्याआधी, किंवा दुपारच्या सावलीत लोक निवांत बोलतात. गावागावात हे थोडं बदलतं, आपल्या यजमान घरात विचारून घ्या.

ओळखपत्र, पैसे, फोन

भारतीय नागरिकाला विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सज्ञान माणसाचं आधार कार्ड तिथे चालत नाही, आणि विमानतळावर येऊन हे कळणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. संशोधनाला जाणाऱ्यांनी पासपोर्टच न्यावा. अर्ज, सिमकार्ड, बँक, सगळीकडे तोच सोपा पडतो. गटात परदेशी नागरिकत्व असलेलं कोणी असेल, समजा अमेरिकेत वाढलेली मराठी मुलगी, तर तिला व्हिसा लागतो आणि पर्यटक व्हिसावर संशोधन चालेल का, हे आधीच विचारावं लागतं.

भारतीय एका रुपयाला 1.60 नेपाळी रुपये हा दर 1993पासून ठरलेला आहे. शंभराच्या नोटा बिनघोर चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, निघण्याच्या आठवड्यात तपासा. काठमांडू-पोखऱ्यातल्या काही दुकानांत यूपीआय चालतं, डोंगरातल्या गावात रोकडच लागते. सिमकार्ड नेपाळ टेलिकमचं घ्यायचं की एनसेलचं, हे काठमांडूत न ठरवता त्या गावातल्या माणसाला विचारून ठरवा.

बोलणं आणि वागणं

2021च्या जनगणनेत 124 मातृभाषा आणि 142 जाती-जमाती नोंदल्या गेल्या. निम्म्याहून कमी लोकांची मातृभाषा नेपाळी आहे. मधेसात, म्हणजे दक्षिणेच्या सपाट भागात, मैथिली, भोजपुरी, थारू. काठमांडू खोऱ्यात नेवारी. डोंगरात तामाङ, मगर, गुरुङ. तेव्हा नेपाळी शिका, पण तीही तिथल्या आजीला परकी असू शकते हे ध्यानात ठेवा.

हिंदीवर भागवायचा मोह होतो. डोंगरातली माणसं हिंदीत सभ्यपणे उत्तर देतात, पण थोडक्यात. सप्टेंबर 2015पासून काही महिने भारताच्या सीमेवर नाकेबंदीची परिस्थिती होती. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात गॅस, पेट्रोल, औषधं मिळेनाशी झाली होती. त्या दिवसांची आठवण अजून ताजी आहे आणि अनेक जण त्याचा दोष भारताला देतात. कोणी तो विषय काढला तर वाद घालू नका, शांतपणे ऐका. मोडकी का होईना, नेपाळी बोललात की माणूस खुलतो. सरसकट ‘तपाईं’ (आपण) वापरा, वयस्कांशी ‘हजुर’. नावानं हाक मारण्यापेक्षा दाइ (दादा), दिदी (ताई), भाइ, बहिनी, आमा (आई) म्हणा. ‘तिमी’ (जवळिकीतलं ‘तू’) ऐकू आलं म्हणून तुम्हीही लगेच ते सुरू करू नका.

याच संदर्भात एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अहवालात नकाशा टाकाल तेव्हा फक्त पालिकेचा किंवा वड्याचा टाका. 2020मध्ये नेपाळनं कालापानी, लिम्पियाधुरा या सीमावादातल्या भागांसह नवा नकाशा स्वीकारला. भारताचा अधिकृत नकाशा वेगळा आहे. देशाची सीमा दाखवणारा कोणताही नकाशा एका बाजूला चुकीचा ठरतो आणि तुमच्या सोबत्याला विनाकारण उत्तरं देत बसावं लागतं.

आडनाव विचारलं जाईल. ‘थर’ (आडनाव) कळला की जात कळते, आणि मराठी आडनावावरून ती कळत नसल्यानं पुढचा प्रश्न सरळ जातीचा येतो. गटानं याचं उत्तर जाण्याआधी आपापसात बोलून ठरवावं. कोणावरही जात सांगायची सक्ती नको, आणि कोणाला एकटं पाडून उत्तर द्यायला लावू नये. अस्पृश्यता पाळणं नेपाळच्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी पाण्याच्या नळावर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती दिसते. दलित घरात चहा पुढे आला तर तो तिथेच बसून प्या. सगळी वस्ती पाहत असते.

प्रश्नावली आणि संमती

तारखांनी सगळ्यांचा घोळ होतो म्हणून आधी ते. नेपाळमध्ये रोजचा व्यवहार विक्रम संवतात चालतो. जन्मसाल विचारलं की बाई सांगते, ‘एकाउन्न साल’. म्हणजे संवत 2051, आपलं 1994 किंवा 1995. नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला लागतं, त्यामुळे तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंत 57 वजा करायचे आणि जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत 56. कोबोटूलबॉक्ससारख्या, फोनवर प्रश्नावली भरायच्या साधनात तारखेचा रकाना इसवी सनाचाच असतो आणि सर्वेक्षक उभ्या-उभ्या मनात वजाबाकी करतो, म्हणजे चुका होणारच. संवतातलं साल आणि महिना वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं लिहून घ्या, रूपांतर नंतर संगणकावर करा. मुलांच्या पोषणाचा अभ्यास असेल तर वयातली सहा महिन्यांची चूकही सगळे निष्कर्ष फिरवते.

संमतीपत्र पानभर छापील मजकुराचं असलं की लोक सही करतात, वाचत कोणीच नाही. दोन मिनिटांत तोंडी सांगता येईल असं करा: आम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागेल, नको वाटलं तर मध्येच थांबता येईल, आणि ‘नाही’ म्हटल्यानं कुठलीही योजना बंद होणार नाही. हे शेवटचं मोठ्यानं आणि दोनदा सांगा. वडा कार्यालयाच्या माणसाबरोबर तुम्ही आलात की तुम्ही सरकारी यादी करताय असंच वाटतं. त्याला पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला सांगा; मुलाखतींना तो नको.

दुभाषा निवडताना भाषेइतकंच कोण कोणासमोर बोलेल हे पाहा. गावातले शिक्षक उत्तम दुभाषे असतात, पण त्यांच्यासमोर बाळंतपणाबद्दल बोलायला कोणती बाई धजावेल? पुरुष मोठ्या संख्येनं आखातात आणि मलेशियात कामाला गेलेले आहेत, घरी सासू आणि सून. सुनेशी बोलायचं असेल तर सासूबाई शेजारी येऊन बसतात. त्यांना उठवायचा प्रयत्न करू नका. प्रकल्पातच सासूसाठी तिचे स्वतःचे दहा प्रश्न ठेवा, एका सहकारी मुलीनं ते अंगणात बसून विचारावेत आणि तेवढ्यात दुसरीनं सुनेशी गोठ्याजवळ बोलावं. सासूबाईंचे प्रश्नही खरे असू द्या, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

काही विषय कायद्यामुळे नाजूक आहेत. सुदूरपश्चिम आणि कर्णालीच्या भागात पाळीच्या दिवसांत बाईला वेगळ्या झोपडीत ठेवण्याची ‘छाउपडी’ ही प्रथा आहे. थंडीनं, धुरानं, सापानं त्या झोपड्यांत मुली दगावल्या आहेत. 2018पासून बाईला असं राहायला भाग पाडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, तीन हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तुमच्या घरात पाळीत बाहेर झोपतात का, हा प्रश्न एका गुन्ह्याबद्दलचा आहे. उत्तराशेजारी घराचं नाव, जीपीएसची खूण, झोपडीचा फोटो, यांतलं काहीही ठेवू नका. ‘गावाचं नाव बदललं आहे’ एवढं पुरत नाही. वडा आणि जात लिहिली की तिथल्या माणसाला घर ओळखता येतं.

कोणाचा वेळ, कोणाचा पैसा

नेपाळमध्ये 1988पासून महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका काम करतात, आज सुमारे 50,000. आपल्या आशाताई डोळ्यांसमोर आणा, फक्त मानधन त्याहून तुटपुंजं. गावातलं प्रत्येक घर त्यांना माहीत असतं, म्हणून प्रत्येक प्रकल्प त्यांच्याकडेच जातो. त्यांनी दिवसभर तुमच्याबरोबर चालावं अशी अपेक्षा असेल तर त्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरा. तिथल्या पालिकेचा मजुरीचा दर विचारा आणि त्याहून कमी देऊ नका. दुभाष्याचंही तेच. घरोघरी पैसे वाटणं मात्र टाळा. जिथे वेळ जास्त घेतला तिथे काय द्यायचं, हे आमा समूहाच्या (गावातल्या आयांच्या गटाच्या) बैठकीत विचारून ठरवा. सामुदायिक वनांवर काम करणाऱ्यांसाठीही बैठक हीच जागा. देशात 22,000हून अधिक वन उपभोक्ता समूह, म्हणजे गावाचं वन सांभाळणारे आणि वापरणारे गट, आहेत. समितीत बायका किती आहेत हे कागदावर दिसतं. त्या बोलतात का, हे बैठकीला बसल्यावरच कळतं.

अनाथालयात महिनाभर ‘मदत’ करण्याचे कार्यक्रम सहज मिळतात. त्यात पडू नका. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि येणाऱ्या स्वयंसेवकांमुळेच मुलं घरापासून दूर आणून ठेवण्याचा धंदा चालतो. चार आठवड्यांत जीव लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांनी खूप पाहिलीत. शिक्षणावर काम करायचं असेल तर सरकारी शाळेतल्या शिक्षकांबरोबर करा.

जिवाची काळजी

विम्यात हेलिकॉप्टरनं आणण्याचा खर्च धरला आहे का पाहा. 2,500 मीटरच्या वर काम असेल तर चढ हळूहळू घ्या. डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर वर न जाता खाली उतरा. रेबीजची लस जाण्याआधी घेऊन ठेवा, दुर्गम भागात ती मिळेपर्यंत दोन दिवस जातात. रात्रीची बस टाळा. पोलिसांसाठी 100, रुग्णवाहिकेसाठी 102.

सप्टेंबर 2025मध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर दोन दिवसांत सरकार पडलं, सिंहदरबार (सरकारचं मुख्यालय) आणि संसद जळाली, काठमांडूचा विमानतळही बंद राहिला. असं काही झालं तर कोण कोणाला फोन करणार, गट कुठे जमणार आणि किती दिवसांचे पैसे प्रत्येकाकडे असणार, हे कागदावर ठरवून एक प्रत भारतातल्या मार्गदर्शकांकडे आणि एक नेपाळी सोबत्याकडे ठेवा. समाजमाध्यमंही त्या सुमारास बंद केली होती. सगळा संपर्क एका ॲपवर ठेवू नका.

परत आल्यावर

परतीच्या तारखेआधीचा आठवडा मोकळा ठेवा आणि त्यात नवी मुलाखत घेऊ नका. कच्चे निष्कर्ष नेपाळीत एका पानावर मांडा, आमा समूहात वाचून दाखवा, वडा कार्यालयात प्रत द्या. लोक दुरुस्त्या सांगतील: ‘नळ आहे, पण फागुनानंतर पाणी येत नाही.’ अशी वाक्यं अहवालाची किंमत वाढवतात, त्यांना जागा द्या. आरोग्य परिषदेकडे अंतिम अहवाल पाठवायचा असतो. प्रबंध जमा झाला की ते राहून जातं, म्हणून त्याची जबाबदारी आधीच एकावर सोपवा. नावांची यादी आणि उत्तरांचा तक्ता वेगवेगळ्या ठिकाणी कुलूपबंद ठेवा, आणि यादी कधी नष्ट करायची ती तारीख सहकाऱ्यांना कळवा. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच गावात जाणार असेल तर तुमची प्रश्नावली, दुरुस्त्यांची नोंद आणि मजुरीचे दर त्यांच्या हवाली करा. गावातल्या माणसांचे फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय पुढे देऊ नका.